फरश्या काढल्या, कोंबड्या राहिल्या

नेदरलँड्समध्ये रांगेतलं घर घेतलं की मागे बाग मिळते. निदान घर दाखवणारा एजंट तिला बाग म्हणतो. आमर्सफोर्टच्या आमच्या घरामागे मिळालं ते करड्या सिमेंटच्या फरश्यांचं अंगण. चौकोनी, ३० सेंटिमीटरच्या फरश्या, एकीला एक खेटून. आधीच्या मालकांना झाडायला सोपं हवं होतं. आम्हाला कोथिंबीर हवी होती.

फरश्या उखडायला इथे मुहूर्तही आहे. दरवर्षी २१ मार्चला ‘टेखलविपन’ सुरू होतं. कोणत्या गावाने जास्त फरश्या काढल्या याची ही देशभरची चुरस ३१ ऑक्टोबरपर्यंत चालते. २०२० मध्ये ॲमस्टरडॅम आणि रॉटरडॅमने एकमेकांना आव्हान दिलं आणि पुढच्या वर्षापासून बाकीची गावं त्यात उतरली. पावसाचं पाणी गटारात न जाता जमिनीत मुरावं, उन्हाळ्यात घरामागचा भाग तापू नये, हा त्यामागचा विचार. काही गावांत तर काढलेल्या फरश्या न्यायला नगरपालिकेची गाडी दारात येते. २०२५ च्या मार्चमध्ये नवऱ्याने पहार मागून आणली, सात वर्षांच्या लेकीने संकेतस्थळावर आकडा भरायची जबाबदारी घेतली आणि चार वर्षांचा धाकटा प्रत्येक फरशीखाली काय निघतं ते बघायला ओणवा बसला. निघायची फक्त पिवळी वाळू. अर्ध्या फरश्या काढून आम्ही तिथे कंपोस्ट आणि मागच्या वर्षीचा कुजलेला पाला मिसळला. काढलेल्या फरश्या मात्र देऊन टाकल्या नाहीत. माझ्या माहेरी वस्तू टाकत नाहीत, कोपऱ्यात रचून ठेवतात. ही सवय पुढे कामी आली.

कोंबड्या आदल्या उन्हाळ्यापासूनच होत्या. तीन, बार्नेफेल्डर जातीच्या. आमच्या गावापासून वीसेक किलोमीटरच्या आत बार्नेफेल्ड आहे, या देशाची कोंबड्यांची राजधानी. तिथे कोंबड्यांचं संग्रहालय आहे आणि आमर्सफोर्टहून तिकडे जाणाऱ्या रेल्वेला लोक ‘किपनलाइन’, म्हणजे कोंबडीमार्ग म्हणतात. या जातीचं अंडं गडद तपकिरी असतं. पिसंही तपकिरी, आणि प्रत्येक पिसाला दुहेरी काळी किनार. माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली, “इरकलीच नेसल्यात की ह्या.”

कोंबडा नाही. भिंतीला भिंत लागून घरं असताना तो ठेवणं म्हणजे शेजाऱ्यांशी कायमचं वैर.

पहिल्या हिवाळ्यात या बायांनी अंडी बंद केली. पाव किलोच्या वर तिघींचं रोजचं दाणापाणी चालू, आणि देणं शून्य. आईला हे पटेचना. कऱ्हाडजवळच्या आमच्या घरी कोंबड्या अशा रजेवर जात नसत. कारण उजेडाचं आहे. कऱ्हाडला वर्षभरात दिवस साधारण ११ ते १३ तासांच्या मध्ये फिरतो. इथे २१ डिसेंबरला तो पावणेआठ तासांचा असतो आणि जूनमध्ये पावणेसतरा. कोंबडीला उजेड नुसता डोळ्यांनी कळत नाही. कवटीतून आत झिरपणारा प्रकाश तिच्या मेंदूतल्या पेशी थेट टिपतात, आणि दिवस पुरेसा लांबला की अंड्यांची यंत्रणा सुरू होते. काही जण खुराड्यात दिवा लावतात. आम्ही लावला नाही. फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी पेंढ्यात चॉकलेटी अंडं दिसलं, आणि आमच्यापुरता वसंत तिथेच सुरू झाला. कॅलेंडर काहीही म्हणो.

त्या वर्षीचा वसंत होताही देखणा. कोरडा, लख्ख उन्हाचा; डच माणसंसुद्धा हवामानाबद्दल कुरकुरायची थांबली होती. मुलांना शाळेत सोडणं, बाजार, रविवारची भटकंती, सगळं सायकलवर. आमच्याकडे गाडी आहे, पण ती बाहेर काढायची म्हणजे आधी तिच्यावरचा परागाचा पिवळा थर पुसावा लागतो. लेक स्वतःच्या सायकलवर. धाकटा माझ्या बाकफीट्सच्या पेटीत. बाकफीट्स म्हणजे पुढे लाकडी खोका असलेली लांबट सायकल. तिच्यात मूल, किराणा, कुंड्या, पेंढा, काहीही बसतं. आमच्या कोंबड्याही तिच्यातूनच आल्या होत्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात.

रस्ता शोधायची इथली पद्धत मला फार आवडते. सायकलमार्गांच्या प्रत्येक नाक्याला क्रमांक असतो. निघताना आकड्यांची ओळ कागदावर लिहून हँडलला चिकटवायची आणि एका क्रमांकावरून पुढच्या क्रमांकाकडे जात राहायचं. फोन लागत नाही. ही कल्पना बेल्जियमच्या लिंबर्ग प्रांतातल्या ह्यूगो बोलन या खाण-अभियंत्याची. खाणीतल्या बोगद्यांच्या नाक्यांना नंबर असतात, तसेच त्याने १९९५ मध्ये वरच्या रस्त्यांना दिले. आकडे ओरडायचं काम लेकीकडे. वाचायला शिकण्याआधीपासून ती आम्हाला वाट दाखवत आली आहे, आणि चुकलो तर दोष आमच्या पायडलचा.

मेथी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पेरली. बियांच्या दुकानात जायची गरज नाही, फोडणीच्या डब्यातली मेथी चांगली उगवते. कोथिंबिरीची मात्र इथे घाई असते, कारण दिवस लांबले की ती पानं सोडून थेट फुलोऱ्यावर येते. मेमध्ये खाल्ली तेवढी आपली. पालक, मुळा, मटार बाहेर. टोमॅटो, मिरच्या आणि दुधीची रोपं घरात खिडकीच्या कट्ट्यावर. ती ११ ते १४ मे या ‘बर्फाच्या संतां’पर्यंत बाहेर काढायची नाहीत असा इथल्या जुन्या लोकांचा दंडक. मामर्टस, पंक्रॅटियस, सर्व्हेशियस, बोनिफेशियस असे चार संत. त्यांचे दिवस उलटले की रात्रीच्या दहिवराची भीती गेली. आमच्या शेजारचे आजोबा ७८ वर्षांचे आहेत, चर्चमध्ये जात नाहीत, पण या चौघांना मानतात.

कोंबड्या संध्याकाळी तासभर बागेत सुटायच्या. फरश्यांच्या जागी आता माती होती, मातीत कुजका पाला होता आणि पाल्याच्या मागोमाग गांडुळं आली होती. तिघी जणी दोन्ही पायांनी माती मागे फेकायच्या, एक पाऊल मागे सरकायच्या, मान वाकडी करून बघायच्या आणि टिपायच्या. धाकटा त्यांना गांडुळं हाताने पुरवायचा.

आणि १५ एप्रिलला बातमी आली. देशाच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने, म्हणजे आरआयव्हीएमने, सांगितलं की घरी पाळलेल्या कोंबड्यांची अंडी खाऊ नका. एखाद्या कारखान्याशेजारची नव्हे, देशभरातली. कारण पीफास. न चिकटणारी भांडी, पाऊस झटकणारे कोट, आग विझवायचा फेस, अशा कितीतरी ठिकाणी वापरलेल्या रसायनांचं हे कुटुंब. ते निसर्गात जवळजवळ विघटितच होत नाही. डोर्डरेख्टच्या रासायनिक कारखान्याच्या परिसरात असा सल्ला आधीच होता, तेव्हा आम्ही नकाशा बघून निःश्वास टाकला होता. आता संस्थेने देशातल्या ६० ठिकाणची घरगुती अंडी तपासली होती आणि साधारण निम्म्या ठिकाणी प्रमाण इतकं होतं की आठवड्याला एक अंडंसुद्धा जास्त ठरावं. दुकानातली अंडी खायला हरकत नव्हती. घरच्या अंड्यांत पीफास येण्याचा एक संभाव्य मार्ग म्हणून बोट दाखवलं होतं ते गांडुळांकडे. मातीतलं पीफास गांडुळात, गांडुळातलं कोंबडीत, कोंबडीतलं बलकात.

म्हणजे फरश्या काढल्या नसत्या तर बरं होतं की काय? नवरा हे बोलला आणि आम्ही दोघेही हसलो, पण फार वेळ नाही.

मी हिशेब करून पाहिला. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२० मध्ये चार मुख्य पीफासची मिळून मर्यादा ठरवली आहे: शरीराच्या दर किलोमागे आठवड्याला ४.४ नॅनोग्रॅम. धाकट्याचं वजन १६ किलो, म्हणजे आठवड्याला ७० नॅनोग्रॅम. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातले ७०. एवढ्याशा मापाचं डोळ्यांना काय कळणार? अंडं तेच, बलक तोच केशरी, चव तीच. आपल्याकडे अंडं नासकं आहे का ते पाण्यात टाकून बघतात; तरंगलं की फेकायचं. हे अंडं बुडायचं आणि तरी फेकायचं.

लेकीला दुकानातल्या अंड्यावरचा शिक्का वाचता येतो. पहिला आकडा ० म्हणजे सेंद्रिय, १ म्हणजे बाहेर फिरणारी, २ म्हणजे गोठ्यात मोकळी, ३ म्हणजे पिंजऱ्यातली. मग देश, मग शेताचा क्रमांक. आमच्या अंड्यांवर ती पेन्सिलने ० लिहायची. सल्ला आल्यावर तिने विचारलं, आता काय लिहू? आम्हाला उत्तर नव्हतं. घरच्या चौघांनी अंडी बंद केली. शेजारच्या आजोबांना पूर्वी देत होतो, त्यांनाही बातमी सांगितली. ते म्हणाले, या वयात माझ्यात जे मुरायचं ते मुरून गेलंय, तुम्ही देत राहा.

एप्रिलच्या शेवटी आई आली, तीन महिन्यांच्या व्हिसावर. घरात पाऊल टाकून तासाभरात ती खुराड्यापाशी होती. पीफास तिला दोन वाक्यांत सांगितलं. तिने ‘औषध मारलेली माती’ एवढा अर्थ काढला, जो फारसा चुकीचा नाही, आणि पुढच्या क्षणी विचारलं, “मग ह्यांना शिळी भाकरी तरी घालता का?” तेही नाही. स्वयंपाकघरातून गेलेलं उरलंसुरलं कोंबड्यांना घालायला इथे बंदी आहे, घरगुती पाळणाऱ्यांनाही. जनावरांचे साथीचे रोग अशा खरकट्यातून पसरू शकतात म्हणून. बागेतून थेट खुडलेला पाला चालतो. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अंडं खायचं नाही, भाकरी घालायची नाही, कोंबडा ठेवायचा नाही. ह्याला पाळणं म्हणत्यात व्हय?”

उपाय मात्र तिनेच सुचवला. कोपऱ्यात रचलेल्या फरश्यांकडे बोट दाखवून म्हणाली, जमीन नासकी आहे तर जमिनीपासून तोडा. खुराड्यापुढच्या जाळीच्या आवारात आम्ही त्याच फरश्या पुन्हा बसवल्या, वर विकत आणलेली कोरडी वाळू आणि पेंढा घातला. या आवारावर छप्पर आधीच होतं. बर्ड फ्लूची साथ आली की घरगुती कोंबड्यासुद्धा रानपक्ष्यांपासून आडोशात ठेवाव्या लागतात आणि रानपक्ष्यांची विष्ठा वरून आत पडता कामा नये. २०२१ च्या शरदापासून ही वेळ वारंवार आली आहे. लेकीने टेखलविपनच्या आकड्यातून परत घातलेल्या फरश्या प्रामाणिकपणे वजा केल्या. बाग कोंबड्यांना बंद झाली. त्या चिडल्या, दोन दिवस जाळीला छाती घासत फिरल्या, मग वाळूत अंघोळ करायला लागल्या.

मेच्या सुरुवातीला त्यांतली एक खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायच्या नादाला लागली. घरट्यातून उठेना, हात घातला की पिसं फुलवून फुत्कारायची. शेजारच्या आजोबांनी तिला तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात ठेवायला सांगितलं. पोटाखालून वारा लागला की खूळ उतरतं. आईने आमच्या गावची रीत सांगितली, नाकपुडीत पीस घालायचं. लेकीचा चेहरा बघून लगेच पुढे म्हणाली, “पण हिला कशाला मोडायचं? खायची नाहीत तर उबवा की.”

आमच्या अंड्यांत जीव नव्हता. म्हणून बार्नेफेल्डला, ज्यांच्याकडून कोंबड्या आणल्या त्याच गृहस्थांकडे जायचं ठरलं. आईला सायकल येत नाही. ती बाकफीट्सच्या पेटीत बसली, साडीवर माझं पावसाळी जॅकेट, डोक्याला स्कार्फ. धाकटा नवऱ्याच्या मागच्या सीटवर. लेक पुढे, नंबर ओरडत. मोटर नसती तर मी आईला घेऊन वाऱ्यापुढे टिकले नसते. आख्टरफेल्डमधून गेलो. १९४५ च्या एप्रिलअखेर, युद्ध संपायच्या आठवडाभर आधी, याच गावातल्या शाळेत दोस्तांचे आणि जर्मनांचे प्रतिनिधी भेटले आणि भुकेल्या पश्चिम हॉलंडमध्ये अन्न पोचवायचं ठरवलं. हे मी आईला पायडल मारता मारता सांगितलं. तिला तोवर फक्त गुरं दिसत होती. “काय दुधाळ आहेत गं,” म्हणाली. नंतर, बरंच पुढे गेल्यावर, “बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडं सुकडी यायची.”

त्या गृहस्थांनी दहा अंडी दिली आणि एक वचनही: कोंबडे निघाले तर परत घेईन. निम्मे निघतीलच, ते म्हणाले. परतीला अंड्यांचा डबा गोधडीत गुंडाळून आईच्या मांडीवर. हादरे बसलेली अंडी लगेच खाली घालायची नसतात. टोक खाली करून एक दिवस निवांत ठेवायची, म्हणजे आतली हवेची पोकळी जागेवर बसते. दुसऱ्या रात्री अंधारात आईने ती एकेक करून कोंबडीच्या पोटाखाली सरकवली. नऊच. विषम घालायची असतात, हा तिचा नियम. दहावं शेजारच्या आजोबांच्या न्याहारीला गेलं.

कोंबडी २१ दिवस जवळजवळ उपाशी बसते. दिवसातून एकदा उठायची, पंधरावीस मिनिटांत खाऊन, पिऊन, एक अजस्र आणि भयंकर वासाची शीट टाकून परत. अंडी तीच फिरवते. आठव्या दिवशी फोनचा टॉर्च लावून बघितलं: सातांत लाल शिरांचं जाळं, दोन नुसती पिवळी. दरम्यान बर्फाचे संत येऊन गेले, टोमॅटो आणि दुधी बाहेर लागले, आणि हिवाळ्यात पाल्यात मुरवत ठेवलेली कोंबड्यांची विष्ठा आईने ओंजळीने नाही, चमच्याने घातली. ताजी घातली असती तर रोपं करपली असती. तिच्यात नत्र फार. अंड्यांबद्दल होता तसा सरसकट सल्ला भाज्यांबद्दल नव्हता. मेथी आम्ही निर्धास्त खाल्ली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सहा पिल्लं निघाली. सातव्याने टरफलाला भोक पाडलं होतं, पुढे ते आलं नाही. धाकट्याने त्याला टोमॅटोजवळ पुरलं. पिल्लांना अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य चालत नाही, त्यात कॅल्शियम खूप असतं आणि त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. म्हणून उलट त्या कोंबडीलाही पिल्लांचंच खाद्य, कारण तेव्हा ती अंडी देतच नसते. बाकीच्या दोघींना जाळीपलीकडे ठेवलं.

तुरे लाल व्हायला लागले तेव्हा आई लेकीला रोज एक पिल्लू दाखवून विचारायची, कोंबडा की कोंबडी? जुलैच्या मध्यावर दोघींचं एकमत झालं: चार कोंबडे, दोन कोंबड्या. आई परत गेल्यावर त्यांतल्या थोरल्याने पहाटे पाच वाजता घसा बसल्यासारखी पहिली बांग दिली. आजोबांची चिठ्ठी दारात आली, “अभिनंदन. रविवारपर्यंत?” रविवारी आम्ही चौघांना खोक्यात घालून बार्नेफेल्डला निघालो. लेकीने आकड्यांचा कागद चिकटवला नाही, आता रस्ता पाठ आहे म्हणाली. वारा समोरून होता आणि खोक्यातून प्रत्येक नाक्याला बांग येत होती.

दोन नव्या पोरींनी जमिनीवर पाय ठेवलेला नाही. फरशी, वाळू आणि पेंढा, एवढंच त्यांचं जग. मातीवर वाढलेल्या जुन्या कोंबड्यांपेक्षा यांच्या अंड्यांत कमी उतरतं का, हे प्रयोगशाळेतून तपासून घ्यायचं ठरवलंय. शुल्क स्वस्त नाही. अंडी द्यायचं त्यांचं वय नोव्हेंबरअखेर होईल, पण तेव्हा दिवस आखडलेले असतील, म्हणजे फेब्रुवारी धरून चालायचं. लेकीने पेन्सिल टोकदार करून खिडकीत ठेवली आहे. आई फोनवर एवढंच विचारते, त्यातली एखादी खुडूक बसते का बघ.